शेतकऱ्याचा चेहरा : चित्रकार लुओ झोंगली

डिसेंबर १९८० मध्ये चीनची राजधानी बीजिंग येथे तरुण चित्रकारांचे दुसरे राष्ट्रीय प्रदर्शन भरले. तेथे मांडलेल्या एका तैलचित्रापुढे प्रेक्षकांची पावले थबकत. चित्र दोन मीटरहून अधिक उंच आणि सुमारे दीड मीटर रुंद होते. एवढ्या मोठ्या कॅनव्हासवर प्रसंग नव्हता, निसर्गदृश्य नव्हते, माणसांचा समुदायही नव्हता. होता तो केवळ एका वृद्ध शेतकऱ्याचा चेहरा आणि त्याखाली वाडगा धरलेले त्याचे दोन हात.

चेहरा उन्हाने रापून तांबूस-काळा झालेला आहे. कपाळावर आणि गालांवर नांगरलेल्या जमिनीसारख्या सुरकुत्या आहेत. डोक्याला पांढऱ्या कापडाचे मुंडासे गुंडाळलेले आहे. ओठ कोरडे पडून भेगाळले आहेत आणि अर्धवट उघड्या तोंडात एखादाच दात उरलेला दिसतो. नाकावर घामाचे थेंब साचले आहेत. नखांत माती आहे, एका बोटाला चिंधी बांधली आहे आणि हातातला वाडगा जुना, जाडाभरडा आहे. मागे वाळत घातलेल्या धान्याचा सोनेरी पिवळा पसारा आहे. म्हातारा प्रेक्षकाकडे सरळ पाहतो. त्या नजरेत तक्रार नाही, विनवणीही नाही. पाहणाऱ्यालाच आपण काहीतरी देणे लागतो असे वाटावे, अशी ती नजर आहे.

चित्राचे नाव होते ‘वडील’. ते काढणारे लुओ झोंगली त्या वेळी बत्तीस वर्षांचे होते आणि नैऋत्य चीनमधील सिचुआन ललितकला संस्थेत शिकत होते. (चिनी पद्धतीत आडनाव आधी येते, म्हणून ‘लुओ’ हे आडनाव होय.) या चित्राला प्रदर्शनात पहिले पारितोषिक मिळाले आणि पुढे ते बीजिंगच्या राष्ट्रीय कलासंग्रहालयाच्या संग्रहात दाखल झाले. एका विद्यार्थ्याने काढलेल्या शेतकऱ्याच्या चेहऱ्याने साऱ्या देशात एवढी खळबळ का माजावी, हे समजून घ्यायचे तर त्यापूर्वीच्या काळात चीनमध्ये कोणाचे चेहरे रंगवले जात होते, हे पाहावे लागते.

चीनची स्वतःची चित्रपरंपरा फार जुनी आहे. परंतु ती कागदावर किंवा रेशमावर शाईने आणि पातळ रंगांनी चित्रे काढण्याची परंपरा आहे. त्या पद्धतीत कुंचल्याचा फटकारा एकदा उमटला की तो पुसता येत नाही. तैलरंगांचे तंत्र याच्या उलट आहे. जवसासारख्या तेलात कालवलेला रंग सावकाश सुकतो, त्यावर थरांवर थर चढवता येतात, चुकलेले खरवडून पुन्हा रंगवता येते. आणि त्यामुळे कातडीचा पोत, कापडाची घडी, ओल्या डोळ्यातील चमक हे सारे अत्यंत हुबेहूब दाखवता येते. युरोपातील हे तंत्र शिकण्यासाठी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अनेक चिनी तरुण परदेशी गेले. त्यांतील शू बेइहोंग यांनी पॅरिसमध्ये शिक्षण घेतले आणि मायदेशी परतून वास्तववादी चित्रणाचा पाया घातला. भारतीय वाचकांना शू यांचे नाव आणखी एका कारणासाठी जवळचे वाटेल. रवींद्रनाथ ठाकूर यांच्या निमंत्रणावरून ते १९३९ च्या अखेरीस शांतिनिकेतनात आले होते. तेथे त्यांनी रवींद्रनाथांची चित्रे काढली, महात्मा गांधींचे रेखाटन केले आणि १९४० मध्ये दार्जिलिंग येथे डोंगर हलवू पाहणाऱ्या एका म्हाताऱ्याच्या चिनी लोककथेवर आपले प्रसिद्ध भव्य चित्र रंगवले. त्या चित्रातील काही आकृत्यांसाठी भारतीय माणसेच त्यांच्यासमोर उभी राहिली होती.

१९४९ मध्ये साम्यवादी राजवट आल्यानंतर तैलचित्राला नवे काम मिळाले. हुबेहूबपणा हा त्याचा गुण राज्यकर्त्यांना उपयोगाचा वाटला. १९५५ ते १९५७ या काळात सोव्हिएत चित्रकार मॅक्सिमॉव्ह यांनी बीजिंगमध्ये तैलचित्रणाचे वर्ग चालवले आणि तेथील पद्धत देशभर पसरली. क्रांतीचे प्रसंग, कारखाने, हसतमुख कामगार आणि सर्वांच्या वर नेत्यांची प्रचंड व्यक्तिचित्रे, असा विषयांचा क्रम ठरून गेला. ही कला सत्तेच्या किती मुठीत होती, याचे एक उदाहरण बोलके आहे. दोंग शीवेन यांनी १९५३ मध्ये प्रजासत्ताकाच्या स्थापनेच्या सोहळ्याचे भव्य तैलचित्र काढले. पुढे त्यात दाखवलेले काही नेते एकामागून एक पदच्युत झाले. आधी गाओ गांग, नंतर लिउ शाओची. तसतशा त्यांच्या आकृती चित्रातून काढून टाकण्याचे आदेश निघाले आणि त्या पुसण्यात आल्या. तैलरंगांवर पुन्हा रंगवता येते, या सोयीचा असाही उपयोग झाला.

१९६६ ते १९७६ या सांस्कृतिक क्रांतीच्या दशकात हे बंधन टोकाला गेले. चित्रातील रंग लाल, उजळ आणि चकचकीत असावेत. नायक उंच, भव्य आणि दोषरहित असावा. त्याच्या तोंडावर सावली पडू नये, असे दंडक रूढ झाले. तरुण माओ खाणकामगारांच्या संघटनेसाठी आन्‌युआन येथे निघाले आहेत, असे दाखवणारे १९६७ मधील तैलचित्र तर कोट्यवधी प्रतींमध्ये छापले गेले आणि घरोघरी लागले. थोडक्यात, भिंतभर उंचीचा, समोरून पाहणारा, एकट्या माणसाचा चेहरा हा मान त्या देशात जवळजवळ एकाच व्यक्तीसाठी राखून ठेवलेला होता. लुओ यांनी तोच आकार, तीच समोरासमोरची मांडणी उचलली आणि त्या जागी एक निनावी शेतकरी बसवला. प्रेक्षकांना ते सांगावे लागले नाही.

लुओ यांचा जन्म १९४८ मध्ये चोंगचिंग या मोठ्या नदीकाठच्या औद्योगिक शहराच्या परिसरात झाला. १९६४ मध्ये त्यांना सिचुआन ललितकला संस्थेला जोडलेल्या माध्यमिक शाळेत प्रवेश मिळाला. तेथे शिकत असतानाच त्यांनी सिचुआनच्या उत्तर सीमेवरील दाबा पर्वतरांगेतील खेडी पाहिली आणि तेथील एका शेतकरी कुटुंबात काही काळ वास्तव्य केले. शहरात वाढलेल्या मुलाला हे जग नवे होते. डोंगरउतारावरची तुकड्यातुकड्यांची शेती, धुराने काळवंडलेली घरे, एकाच खोलीत माणसे आणि जनावरे, दिवसभराच्या श्रमानंतर शेगडीभोवती होणाऱ्या गप्पा. ज्या यजमानाच्या घरी ते राहिले, त्याच्याच चेहऱ्याचा आधार पुढे ‘वडील’ या चित्राला मिळाला.

सांस्कृतिक क्रांती सुरू झाल्यावर उच्च शिक्षणाची दारे बंद झाली. १९६८ मध्ये शाळा संपल्यावर लुओ स्वतः होऊन त्या डोंगराळ भागात गेले आणि सुमारे दहा वर्षे तेथेच राहिले. दाशियान भागातील एका पोलाद कारखान्यात त्यांनी कामगार म्हणून नोकरी केली. चित्रकलेचा सराव पूर्णपणे सुटला नाही; चित्रकथांच्या पुस्तिकांसाठी ते रेखाटने करत. खिशात मावतील एवढ्या या पुस्तिका चीनमध्ये लहानथोर सर्वच वाचत असत. एका पानावर एक प्रसंग, त्यात माणसाचा हावभाव अचूक पकडायचा, ही शिस्त त्या कामातून अंगी बाणली. तरीही तिशी जवळ आलेली असताना आपण कधी चित्रकार होऊ, अशी आशा बाळगण्यास फारसे कारण उरले नव्हते.

१९७७ च्या अखेरीस विद्यापीठांच्या प्रवेशपरीक्षा दहा वर्षांच्या खंडानंतर पुन्हा सुरू झाल्या. दहा वर्षांचे तुंबलेले विद्यार्थी एकदम परीक्षेला बसले. सुमारे ५७ लाख उमेदवारांपैकी सुमारे २ लाख ७० हजारांना प्रवेश मिळाला. त्यांत शेतमजूर होते, गिरणी कामगार होते, सैनिक होते आणि मुलाबाळांचे आईबापही होते. लुओ यांना सिचुआन ललितकला संस्थेच्या तैलचित्रण विभागात प्रवेश मिळाला. त्या एका संस्थेत त्या दोन-तीन वर्षांत आलेली नावे पाहिली तरी आश्चर्य वाटते : हे दुओलिंग, चेंग चोंगलिन, गाओ शिआओहुआ, झांग शिआओगांग, झोउ चुन्‌या. पुढील काळातील चिनी चित्रकलेचा मोठा भाग याच मंडळींनी घडवला.

ही पिढी वर्गात कोरी पाटी घेऊन आलेली नव्हती. तिच्याजवळ पाहिलेले आणि सोसलेले पुष्कळ होते. १९७८ मध्ये ‘जखम’ या अर्थाच्या शीर्षकाची एक लघुकथा चीनमध्ये गाजली आणि तिच्यावरून सांस्कृतिक क्रांतीतील यातनांविषयी लिहिणाऱ्या साहित्याला ‘व्रणांचे साहित्य’ असे नाव पडले. चित्रकलेतही तसेच घडले. चेंग चोंगलिन यांनी १९७९ मध्ये १९६८ सालातील एका बर्फाळ दिवसाचे चित्र काढले. परस्परांशी रक्तरंजित लढाई करून थकलेले, जखमी झालेले तरुण त्यात दिसतात. गाओ शिआओहुआ यांनी जखमी रक्षकांचा एक गट रंगवून त्याला ‘का?’ असे नाव दिले. ही चित्रे शूर आणि प्रामाणिक होती, परंतु त्यांतील दुःख मुख्यतः शहरातील शिकलेल्या तरुणांचे होते. ज्यांच्या वाट्याला त्याहून मोठे हाल आले आणि ज्यांनी त्याविषयी काहीच लिहिले नाही, त्या शेतकऱ्यांकडे लुओ वळले. १९५९ ते १९६१ या भीषण दुष्काळाच्या वर्षांत ज्या प्रांतांची सर्वाधिक होरपळ झाली, त्यांत सिचुआन होता. धान्य पिकवणारेच उपाशी मेले होते. १९८० मध्ये त्याबद्दल उघडपणे बोलणे अवघड होते.

या चित्राचे मूळ मात्र संस्थेतील वर्गात नव्हे, तर एका सार्वजनिक शौचालयाजवळ आहे. ती १९७५ सालातील चिनी नववर्षाची पूर्वसंध्या होती. हा चिनी कुटुंबांचा वर्षातील सर्वांत मोठा सण असतो. दूरदूरची माणसे घरी परततात आणि रात्री एकत्र जेवतात. थंडी कडक होती, हिमकण मिसळलेला पाऊस पडत होता. लुओ यांच्या घराजवळच्या शौचालयापाशी एक शेतकरी उभा होता. सोनखताची राखण हे त्याचे काम होते. त्या काळी रासायनिक खते दुर्मीळ होती आणि शहरातील मैला हेच शेताचे मोलाचे खत होते. ते वाहून नेण्याचा हक्क ठरावीक गावांना असे आणि दुसऱ्या कोणी ते पळवू नये म्हणून पहारा ठेवावा लागे. दोन्ही हात बाह्यांत खुपसून, भिंतीला टेकून तो माणूस सकाळपासून तेथे होता. रात्री घराघरांत दिवे लागले, जेवणे झाली, फटाके वाजले. तो जागचा हलला नाही. साऱ्या शहराच्या पोटात ज्याचे धान्य जाते, तो सणाच्या रात्री शहराच्या घाणीजवळ गारठत उभा आहे, ही विसंगती लुओ यांच्या मनात रुतून बसली. प्रदर्शनानंतर ‘मेइशू’ या कलाविषयक मासिकात प्रसिद्ध झालेल्या पत्रात त्यांनी स्वतःच ही हकिकत सांगितली आहे.

मात्र मनात रुतलेली गोष्ट लगेच कॅनव्हासवर उतरत नाही. लुओ यांनी प्रथम खताची राखण करणारा शेतकरी तसाच रंगवून पाहिला. नंतर डोंगराळ भागातील एका जुन्या सैनिकाची कल्पना आली. या आराखड्यांत प्रसंग होता, कथा होती, आणि त्यामुळेच बहुधा ते लहान वाटत असावेत. मार्ग सापडला तो अनपेक्षित ठिकाणी. अमेरिकन चित्रकार चक क्लोज यांच्याविषयीचा एक छोटा परिचय लुओ यांच्या वाचनात आला. क्लोज हे छायाचित्रांवरून माणसांचे प्रचंड आकाराचे चेहरे काढत. त्वचेवरचे प्रत्येक रंध्र, प्रत्येक केस त्यांत दिसे. क्लोज यांचे मूळ चित्र लुओ यांनी पाहिलेले नव्हते. अल्पशी माहिती त्यांना पुरेशी ठरली : प्रसंग नको, पार्श्वकथा नको, केवळ चेहरा, आणि तो पाहणाऱ्याला टाळता येणार नाही एवढा मोठा.

येथे एक भेद ध्यानात घ्यायला हवा. क्लोज यांच्या चेहऱ्यांत हेतुपुरस्सर कोरडेपणा आहे. छायाचित्र जसे भावनाशून्य असते तसे ते आहेत. लुओ यांनी तंत्र घेतले आणि हेतू पूर्णपणे बदलला. त्यांच्या दृष्टीने तपशील हा पुरावा होता. एका सुरकुतीमागे किती उन्हाळे असतील, हे मोजता यावे म्हणून ती सुरकुती रंगवायची. १९८० च्या उन्हाळ्यात त्यांनी हे काम केले. चोंगचिंगचा उन्हाळा चीनमध्ये भट्टीसारखा मानला जातो. रंगाचे जाड थर देऊन त्यांनी कातडीचा खडबडीतपणा उभा केला. काही तज्ज्ञांनी चित्रणातील उणिवा दाखवल्या आहेत आणि त्या खोट्या नाहीत; वयाने मोठा असला तरी तो विद्यार्थीच होता. पण या चित्रापुढे उभे राहिल्यावर कौशल्याचा हिशेब करण्याचे भान फार थोड्यांना राहते.

चित्र पूर्ण झाल्यावर त्यात दोन बदल झाले आणि दोन्ही इतरांच्या सूचनेवरून झाले. पहिला बदल कानामागचा. प्रांतातील निवडीच्या वेळी एका ज्येष्ठ कलावंत-अधिकाऱ्याने शंका काढली, की हा शेतकरी क्रांतीपूर्वीच्या जुन्या समाजातला वाटतो. नव्या समाजातला शेतकरी साक्षर आहे, हे दिसायला हवे. म्हणून म्हाताऱ्याच्या कानामागे एक बॉलपेन रंगवण्यात आले. मुंडाशाच्या कडेशी खोवलेले ते पेन आजही चित्रात आहे. चित्र बीजिंगला पोचावे म्हणून भरलेला तो जकातकर होता, असे म्हटले तरी चालेल. चित्राच्या एकसंधपणाला त्यामुळे बाधा आली, हे मान्य करावे लागते. तथापि या तडजोडीमुळेच चित्र ज्या काळात जन्मले त्या काळाची खूण त्यावर कायम राहिली. नेत्यांची चित्रे आदेशावरून खोडली जात होती, शेतकऱ्याच्या चित्रात आदेशावरून भर पडली, एवढाच काय तो फरक.

दुसरा बदल नावाचा. लुओ यांनी चित्राला ‘माझे वडील’ असे नाव दिले होते. परीक्षक मंडळातील ज्येष्ठ चित्रकार वू ग्वानझोंग यांनी त्यातील ‘माझे’ हा शब्द काढून टाकण्याची सूचना केली. वू स्वतः १९४७ ते १९५० या काळात पॅरिसमध्ये शिकले होते आणि सांस्कृतिक क्रांतीत त्यांनीही खेड्यातील सक्तीच्या श्रमाची वर्षे काढली होती. एक शब्द गेला आणि चित्राचा अर्थ पालटला. तो म्हातारा लुओ यांचा जन्मदाता नव्हताच. ‘माझे’ गेल्यामुळे तो एका चित्रकाराचा न राहता पाहणाऱ्या प्रत्येकाचा वडील झाला. पेनाची सूचना चित्राला बाहेरून चिकटली. नावाची सूचना मात्र चित्राच्या आतून निघालेली होती.

‘मेइशू’ मासिकाने जानेवारी १९८१ च्या अंकाच्या मुखपृष्ठावर हे चित्र छापले आणि त्याच वर्षी त्याच मासिकात त्यावरून वादही रंगला. समाजवादी देशातला शेतकरी असा थकलेला, भोळाभाबडा, दात पडलेला कसा दाखवता, असा विरोधकांचा सवाल होता. त्याच्या चेहऱ्यावर नव्या युगाचा आत्मविश्वास नाही, भविष्याची आशा नाही. हे चित्र शेतकऱ्याची विटंबना करते, असे त्यांचे म्हणणे होते. समर्थकांनी उत्तर दिले, की दारिद्र्य झाकल्याने शेतकऱ्याचा सन्मान होत नसतो आणि ज्याने देशाला पोसले त्याच्याकडे डोळे भरून पाहणे म्हणजे त्याची विटंबना नव्हे. वादाला काळाचीही पार्श्वभूमी होती. सामूहिक शेतीची पद्धत त्याच सुमारास मोडीत निघत होती, कुटुंबांना स्वतंत्रपणे शेती कसण्याची मुभा मिळू लागली होती आणि या बदलाच्या आरंभीच्या प्रयोगांत सिचुआन प्रांत पुढे होता. शेतकऱ्याची खरी अवस्था काय आहे, हा प्रश्न केवळ कलेचा राहिला नव्हता.

पहिल्याच मोठ्या चित्राने कीर्ती मिळाली की चित्रकारापुढे एक पेच उभा राहतो. लोकांना तेच पुन्हा हवे असते. लुओ यांना असे भव्य चेहरे आयुष्यभर रंगवता आले असते. १९८२ मध्ये त्यांनी ‘वसंतातील रेशीमकिडे’ हे चित्र काढले, त्यात आईचे रूप आहे. परंतु येथे त्यांनी चेहराच दाखवला नाही. वृद्ध स्त्रीने मान खाली घातली आहे; दिसतात ते तिचे पांढरे केस आणि रेशीमकिड्यांत काम करणारे राठ हात. स्वतःच्या देहातून धागा काढून संपणारा रेशीमकिडा ही चिनी मनाला परिचित असलेली त्यागाची प्रतिमा आहे. ‘वडील’ हे चित्र समोरून भिडते, तर या चित्रात आई प्रेक्षकाकडे पाहतही नाही; तिला तेवढी फुरसत नाही. काहींच्या मते हे चित्र पहिल्यापेक्षा सरस आहे आणि या मतात तथ्य आहे.

त्याच वर्षी पदवी घेऊन लुओ आपल्याच संस्थेत अध्यापक झाले. १९८४ मध्ये शासनाने त्यांना बेल्जियममधील अँटवर्प येथील राजकीय ललितकला अकादमीत पाठवले. दोन वर्षे त्यांनी युरोपातील संग्रहालये पाहिली. आजवर छापील पानावर पाहिलेली चित्रे प्रत्यक्ष समोर होती. छायाचित्रासारखे हुबेहूब चित्रण हे तैलरंगांचे एकमेव सामर्थ्य नाही आणि युरोपीय कला तर त्या टप्प्यापासून कधीच पुढे निघून गेली आहे, हे त्यांना तेथे उमगले. त्याहून अवघड प्रश्न होता तो असा, की चिनी माणसाने तैलरंगांत काम करायचे ते कोणाच्या भाषेत?

१९८६ मध्ये परतल्यावर ते पुन्हा दाबा पर्वतातील माणसांकडे वळले, मात्र नजर बदललेली होती. आता चेहऱ्यातील रंध्रे मोजणे थांबले. आकृती ठेंगण्या, जाडजूड, काहीशा बेढब झाल्या. जणू ओल्या मातीतून हाताने घडवल्यासारख्या. रंग जाड आणि भडक, रेषा वळणावळणाच्या. या रूपांत चिनी लोककलेचा ठसा स्पष्ट दिसतो. विषयही रोजच्या जगण्यातले आहेत : पाठीवर माणूस घेऊन ओढा ओलांडणारा शेतकरी, अचानक आलेल्या पावसात आडोशाला धावणारी माणसे, रात्रीच्या अंधारात दिव्याच्या उजेडात उजळणारी शरीरे. ‘वडील’मधील शेतकरी पूजनीय होता, या चित्रांतील शेतकरी हसतात, घसरतात, भितात, प्रेम करतात. पहिल्या चित्राच्या चाहत्यांपैकी अनेकांना हा बदल रुचला नाही. त्यांना दुःखाचे गांभीर्य हवे होते. परंतु शेतकऱ्याला केवळ दुःखाचे प्रतीक करून ठेवणे हाही त्याच्यावरचा अन्यायच असतो, हे या चित्रांवरून जाणवते.

१९९२ मध्ये कलाशाखेच्या विद्यार्थ्यांसाठी लुओ यांच्या नावाने शिष्यवृत्ती सुरू झाली आणि १९९८ मध्ये ते सिचुआन ललितकला संस्थेचे प्रमुख झाले. २०१५ पर्यंत, म्हणजे सतरा वर्षे, त्यांनी हे पद सांभाळले. प्रशासनाचे काम चित्रकाराचा वेळ खाते, हे सर्वत्र सारखेच. तरीही या काळात त्यांनी केलेल्या काही गोष्टी त्यांच्या चित्रांशी जुळणाऱ्या आहेत. संस्थेच्या जुन्या परिसराजवळ लष्कराचे रणगाडे ठेवण्याचे एक मोठे गोदाम रिकामे पडले होते. तेथे चित्रकारांसाठी कार्यशाळा उभ्या राहिल्या. नुकत्याच पदवी घेतलेल्या, भाड्याची खोली परवडत नसलेल्या मुलांना काम करायला छप्पर मिळाले.

चोंगचिंगच्या विद्यापीठनगरात संस्थेला नवी जमीन मिळाली, तेव्हा प्रश्न अधिक गंभीर होता. चीनमधील नगररचनेची त्या काळातील रीत अशी होती, की आधी टेकड्या सपाट करायच्या, तळी बुजवायची, राहणाऱ्यांना हलवायचे आणि मग आखीव इमारती बांधायच्या. येथे टेकड्या कापल्या गेल्या नाहीत. तळी, बांध, भाताची व मोहरीची शेते जागच्या जागी राहिली. इमारती उतारांच्या कलाने बसवल्या. त्या जमिनीवर पिढ्यान्‌पिढ्या राहणारी काही शेतकरी मंडळीही तेथेच राहिली आणि संस्थेच्या आवारात शेती करत राहिली. विद्यार्थी चित्रफलक घेऊन वर्गाकडे जाताना वाटेत कोणी म्हातारा वाफ्याला पाणी देत असलेला दिसे.

पदावरून निवृत्त झाल्यावर लुओ पुन्हा पूर्ण वेळ चित्रकामाकडे वळले. आपल्याच जुन्या विषयांवर, ओढ्यावर, पावसावर, डोंगरातल्या माणसांवर, ते नव्या रेषांत परत परत काम करत राहिले. ‘वडील’ हे चित्र बीजिंगच्या राष्ट्रीय कलासंग्रहालयात आहे. म्हाताऱ्याच्या कानामागचे पेन कोणी पुसलेले नाही.